साखरेची साक्ष

दुकानांतले वजनकाटे तपासणं हे माझं सरकारी काम. मी येताना दिसलो की भल्याभल्या दुकानदारांचे चेहरे उतरतात. घरात मात्र बायकोचा केक दर वेळी मधोमध खचायचा, आणि माझी थोरली बहीण त्यात बोट दाबून म्हणायची, "हिला केक काही जमायचा नाही." आठ वर्षं हेच चाललेलं.

या वेळी ताई रविवारी येणार म्हटल्यावर बायकोने जाहीर केलं, "हा शेवटचा. बसला, तर साचे भंगारात."

साचे तिच्या आईचे होते. म्हटलं, आधी ओव्हन तपासू.

थर्मामीटर घ्यायला गेलो, तर दुकानात एकाच खिळ्याला सहा लटकलेले आणि सहा जणांची सहा मतं. मी एकेकाचा काटा निरखू लागलो. दुकानदार वैतागला. "साहेब, भेंडी निवडताय का?"

शेवटी दोन घेतले. एक साधा, जाड आकड्यांचा, ओव्हनच्या जाळीला अडकवायचा. दुसरा चकचकीत आणि दुप्पट महाग.

घरी ओव्हनचं बटण एकशे ऐंशीवर फिरवलं. साधा म्हणे एकशे पंचेचाळीस, चकचकीत म्हणे दोनशे पंधरा.

"महाग आहे, म्हणजे तोच खरा," मी निकाल दिला.

"दुकानदारांनाही असेच पास करता का हो?" बायको म्हणाली. तिने ताटलीत चमचाभर साखर घेतली. "ही एकशे शहाऐंशीच्या आसपास वितळते. हिला कुणाचा शिक्का लागत नाही."

ताटली आत ठेवून दोघं काचेला नाक लावून बसलो. बटण जरा जरा वाढवत नेलं. साखर वितळली तेव्हा साधा एकशे सत्याऐंशीवर होता आणि चकचकीत अडीचशेच्या पार. बटण मात्र दोनशे वीस दाखवत होतं.

बायकोने वाकून ते न्याहाळलं. मागे वाळलेल्या गोंदाचा पिवळा ओघळ होता. आठ वर्षांपूर्वी बटण निखळलं, तेव्हा ते मीच चिकटवलं होतं, अंदाजाने. वर "मी लावलंय, आता बघायला नको," असंही म्हणालो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

रविवारी तिने साध्या थर्मामीटरवर नजर ठेवून केक भाजला. टम्म फुगला. ताईने बोट दाबलं, तर केक पुन्हा वर आला.

"शिकलीस गं बाई शेवटी!"

बायको माझ्याकडे बघेना. गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण मी बशी खाली ठेवली.

"ताई, ती आठ वर्षं बरोबरच करत होती. ओव्हनचं बटण मी वाकडं चिकटवलं होतं."

ताईचा चमचा थांबला. "म्हणजे मी हिला उगाचच..."

"उगाचच."

ताईने बशी पुढे केली. "दे गं आणखी एक."

बायकोने भलामोठा तुकडा कापला, बशीत ठेवला, आणि बशी आपल्याच हातात धरून म्हणाली, "आधी बोट दाबून बघणार ना, ताई?"