गोल इमारतीचं नाव

फ्लेक्सनं आमचा धंदा खाल्ला. सोलापुरात अजून हाताची अक्षरं मागणारा माणूस म्हणजे हरिदास. त्याच्या मंडळाचा आंबेडकर जयंतीचा देखावा वर्षानुवर्षं मीच, बिभीषण पेंटर, रंगवतो. दोन हजार चोवीस साली ट्रॉलीवर दिल्लीची जुनी गोल इमारत उभी केली होती. प्लायवूडच्या भिंती, पाइपांचे खांब आणि दारावर मी लिहिलेली पाटी: संसद भवन.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. गिऱ्हाइकानं मजकूर लिहून द्यायचा, खाली सही करायची, मगच ब्रश बुडवायचा. म्हणजे नंतर भांडण नको. हरिदासनंही चिठ्ठी दिली होती. पण मी पडलो अतिशहाणा! संसदेचं नाव मला काय शिकवतोस, असं मनात म्हणून ती न उघडताच खिशात टाकली.

मिरवणूक निघायला अर्धा तास होता. मी शिडीवर चढून खांबांवर शेवटचा हात मारत होतो. हरिदासची लेक धम्मप्रिया पाटी वाचून थबकली.

"काका, हे चुकलंय की. संसद भवन म्हंजे आता ती नवी तिकोनी इमारत. ह्या गोल इमारतीचं नाव गेल्या सप्टेंबरात संविधान सदन केलंय. संविधान हितंच मंजूर झालं न्हवं का?"

ती बापाला बोलवायला पळाली. मी चिठ्ठी उघडली. 'संविधान सदन'. खाली हरिदासची सही.

बाबासाहेबांच्या जयंतीला मी 'संविधान' हाच शब्द गाळला होता. चुकून गाळला, हे कोण मानणार? दुधनीचा माझा मेव्हणा मंजुनाथ दरवर्षी बजावतो, "दाजी, तितं जयंतीत एक अक्षर चुकलं तरी कोण सोडायचं न्हाय." मी त्याला दरवर्षी शिव्या घालतो. आज त्याचंच खरं वाटलं. खालचा एकूण एक माणूस माझ्याकडंच बघतोय असं वाटलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! मी चिठ्ठी शिडीला टांगलेल्या निळ्या रंगाच्या डब्यात बुडवली.

हरिदास आला. मागं पाच-पन्नास माणसं.

"बिभीषण, हे काय लिवलंस?"

"तू लिहून कुटं दिलंस?" माझा आवाज चिरकला.

"मुद्दाम केलंय ह्यानं!" मागून कुणीतरी ओरडलं.

हरिदासनं माझ्याकडं बघितलं, मग डब्याकडं. काठाला कागदाचा कोपरा चिकटला होता. आता संपलं, असं वाटून मी शिडी घट्ट धरली.

तो गर्दीकडं वळला. "चूक माझी हाय. लिहून द्यायचं मीच इसरलो. पेंटर काय करंल? सरका, काम करू द्या त्याला."

माणसं पांगली. हरिदासनं पेन काढला, मिरवणुकीच्या पत्रकाच्या पाठीमागं तेच दोन शब्द लिहिले, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

"आता वाचून घे," तो हळूच म्हणाला. "पाटी उलटी कर, मागच्या बाजूला लिही."

मी ब्रश उचलला. मघाशी गर्दीला भ्यालो होतो. आता खाली एकटा हरिदास शिडी धरून उभा होता, आणि त्याच्याकडं बघायची माझी छाती होईना.