आज काय घालू?

थंडीत सायकल चालवायची तर दारातून निघताना थोडं कुडकुडायला हवं, हे मला नवऱ्याने शिकवलं. दारातच ऊब वाटली तर पुलाच्या चढावर घाम फुटणार आणि उतारावर तोच घाम गारठवणार. म्हणून अंगालगत सुती नको, ते घाम धरून बसतं. मधे पातळ लोकरीचं, वर वारा अडवणारं जॅकेट. कडाका असला तर मधे अजून एक.

एवढं मला तोंडपाठ होतं. तरी तो दूरच्या बंदरात वेल्डिंगच्या कामाला गेल्यापासून, बेकरीत निघण्याआधी मी रोज फोन करून विचारायचे, "आज काय घालू?"

आई म्हणायची, काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हणेना का. एरवी त्याच्या तोंडून चार शब्द निघतील तर शपथ. कपड्यांवर मात्र तो भरभरून बोलायचा. माझ्या फोनआधीच त्याने इथलं हवामान बघून ठेवलेलं असायचं. "वारा आहे, मान झाक," म्हणायचा आणि मला ते दिवसभर पुरायचं. परत ये, असं मात्र मी कधी म्हटलं नाही. मोडेन पण वाकणार नाही, हा माझा स्वभाव. त्याला आपणहून यावंसं वाटायला हवं होतं.

आज तो घाईत होता. म्हणाला, "ऊन छान पडलंय. एक शर्ट पुरे."

मी खिडकीतून पाहिलं. सायकलच्या सीटवर पांढरं दव गोठलं होतं. त्याने मला त्याच्या बंदरावरचं हवामान सांगितलं होतं.

माझं डोकंच फिरलं. एका शर्टावर निघाले. डोकं ठिकाणावर आहे का, असं आई विचारत राहिली. पुलावर पोचेपर्यंत बोटं ब्रेक दाबेनात. उतरले, कठड्याला टेकले आणि कसाबसा त्याला फोन लावला. दातांवर दात आपटत होते, ते त्याला ऐकू गेलं असावं.

"कुठे आहेस? अंगात काय आहे?"

"तू सांगितलंस तेवढंच."

तो हळूच म्हणाला, "तिथे आज किती थंडी आहे गं?"

त्याला हे विचारावं लागलं, तेव्हा मला रडू फुटलं.

"खूप आहे," मी म्हणाले. "तू घरी ये."