बेस बंद केल्यावर

बाबागाडीने गेटवरच मान टाकली. भावनाच्या भावाने भाचीसाठी कौतुकाने आणलेली, वर छत्री आणि खाली पिशवी असलेली ती गाडी पनवेलच्या मॉलमध्ये फरशीवरून कशी झोकात पळायची. आपटा गावाजवळच्या त्या भातशेतात तिची चारही चाकं चिखलाने अशी भरली की ढकलली तर सरकेना आणि उचलली तर शैलेशच्याच पायातली चप्पल खाली रुतून बसे. भात कापून आठ दिवसही झाले नव्हते. दिवाळी उलटल्यावर अवकाळी पाऊस दोन दिवस बदाबदा कोसळला होता, आणि ज्या शेतात गाण्याबजावण्याचा भलामोठा महोत्सव भरवायचा म्हणून तीन स्टेज उभे केले होते, तिथे आता पुन्हा भात लावता आला असता. तिकीट काढलेली शहरातली मंडळी मात्र मजेत होती. पांढरे बूट घालून चिखलात यायचं आणि मग त्या बुटांचे फोटो काढायचे, यालाही हौस लागते.

शैलेशने गाडी भावनाकडे दिली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि समृद्धीला उचलून खांद्यावर बसवलं. पोर सव्वादोन वर्षांची. बापाच्या केसांचा लगाम केला की ती खूश.

गेटवरची मुलगी धावत आली. तिच्या हातात लहान मुलांच्या कानांवर लावायचे जाडजूड गुलाबी हेडफोन होते. "दादा, बाळाला हे लावा ना. आत आवाज खूप मोठा आहे. कान जातील हो तिचे."

"नको," शैलेश म्हणाला. "तिला आयकू दे."

भावना खाली बघत राहिली. मुलीने तिच्याकडे पाहिलं, काही न समजून हेडफोन परत खोक्यात टाकले.

"तू येतेस?" त्याने भावनाला विचारलं.

"तुमचं तुमी बगून या," ती म्हणाली. "मी हितं गाडीपाशी थांबते."

दोघांत पैज लागली होती. पैज म्हणजे खेळातली नव्हे. मार्च महिन्यात डॉक्टरांनी समृद्धीला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासलं होतं आणि कागदावर लिहून दिलं होतं की या मुलीला दोन्ही कानांनी काहीही ऐकू येत नाही. ऑपरेशन करून कानात यंत्र बसवता येतं. मुलगी तीन वर्षांची व्हायच्या आत झालं तर ती ऐकायला, बोलायला शिकेल. जितका उशीर कराल तितकं तिला जड जाईल. त्या फॉर्मवर आई आणि बाप दोघांच्या सह्या हव्या होत्या. भावनाने त्याच दिवशी सही केली. शैलेशची जागा आठ महिने कोरी होती.

कारण शैलेशकडे पुरावा होता. तो आगऱ्यांच्या हळदीला पॅड, म्हणजे काठ्यांनी बडवायचं ते इलेक्ट्रॉनिक वाद्य, वाजवायचा. पनवेल-उरणच्या गावांत हळद म्हणजे काय ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. लग्नाला नाही आलात तरी चालेल, पण हळदीला या, असा मामला. गेल्या वैशाखात चुलत बहिणीच्या हळदीला त्याने पॅडवर पहिला हात टाकला आणि लाकडी स्टेजवर बसवलेली समृद्धी ताडकन उभी राहून नाचायला लागली. ठेक्यात. साऱ्या आयाबायांनी टाळ्या वाजवल्या. "आयकते गं! पोर आयकते! डॉक्टरला काय कललंय!" बुडत्याला काडीचा आधार, इथे तर अख्खा मांडव आधाराला आला होता. तेव्हापासून शैलेश डॉक्टरांचं नाव काढू देईना.

दुसरंही एक कारण होतं, आणि ते तो कोणाला सांगत नसे. भावना सातव्या महिन्यात असताना त्याने तिला एका हळदीला पुढे, अगदी स्पीकरच्या बॉक्सशेजारी खुर्ची टाकून बसवलं होतं. नवऱ्याचं वाजवणं नीट दिसावं म्हणून. रिपोर्ट आल्यावर त्याची आई शांती एकदाच बोलली, "पोटुशी बायको बॉक्सजवल बसवलीस, आता भोग." डॉक्टरांना विचारल्यावर ते म्हणाले, तसं काही नाही, ते जन्मापासूनच असतं. शैलेशने पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं आणि उत्तर बदललं तर? त्यापेक्षा पोरीला ऐकू येतंय हेच सोपं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. याने काही खाल्लं नव्हतं तरी त्याचा घसा आठ महिने खवखवत होता.

शेवटी तोच म्हणाला होता, "आपट्याच्या कामावर तीन स्टेज हायत. मी तिला तिन्ही ठिकाणी फिरवतो. एकदा जरी आवाजाला वळली तरी सही करनार नाय. नाय वळली तर सोमवारी जाऊ." भावना म्हणाली, "बरं." बस, एवढंच.

काम म्हणजे इंद्रजीतचं. इंद्रजीत पनवेलचा साऊंडवाला, आणि लग्नाचा हंगाम नसला की शैलेश त्याच्याकडे बॉक्स चढवायला-उतरवायला जायचा. तिन्ही स्टेजचे बॉक्स त्यानेच परवा पावसात लावले होते. खाली जमिनीवर कपाटाएवढे बेस, ज्यांतून ढोलाचा दणका येतो, आणि वर टांगलेले टॉप, ज्यांतून गळा येतो, बासरी येते, माणसाचं बोलणं येतं.

पहिल्या स्टेजवर बासरी चालली होती. शैलेश चिखल तुडवत पार पुढे गेला, टॉपच्या खाली उभा राहिला. डोक्यावर बासरी अशी की भल्याभल्याने डोळे मिटावेत. समृद्धी बांधावरच्या कुत्र्याकडे बघत होती. "कुत्रा हाय ना, म्हणून," शैलेश स्वतःशी म्हणाला आणि पुढे निघाला.

दुसऱ्या स्टेजपर्यंत जाताना घोट्यापर्यंतचा चिखल पोटरीला आला. खांदा भरून आला तेव्हा त्याने तिला कडेवर घेतलं, कंबर दुखायला लागली तेव्हा पाठुंगळी. तिथे एक बाई खड्या आवाजात गात होती आणि माणसं हात वर करून डोलत होती. शैलेशने लेकीला खाली उभं केलं, तिची पाठ स्टेजकडे केली आणि वाट पाहिली. समृद्धीने दोन्ही मुठींत चिखल घेतला, दाबला, बोटांच्या फटींतून तो बाहेर येताना बघून खुदकन हसली. "नवीन जागा हाय. घाबरली आसल," तो म्हणाला. घाबरलेलं पोर असं हसतं होय! पण माणसाला कळून घ्यायचं नसलं की त्याला काहीही पटतं.

मोठ्या स्टेजसमोर लोक रुतू नयेत म्हणून प्लायच्या फळ्या टाकल्या होत्या. ढोल-ताशा आणि गिटार असा काहीतरी जोरदार प्रकार चालू होता. शैलेशने समृद्धीला फळीवर ठेवलं मात्र, ती थबकली. तिने खाली पायांकडे पाहिलं. मग गुडघे लवले, ढुंगण हललं, आणि पोर नाचायला लागली. ठेक्यात! एक ठोका चुकेना!

शैलेशच्या तोंडातून आरोळीच निघाली. डोळ्यांत पाणी आलं. त्याने भावनाला फोन लावला. "नाचते! बग, नाचते! मी सांगलं नव्हतं?" पलीकडून भावना काही बोलली असेल, पण गोंगाटात त्याला ऐकू आलं नाही.

तेवढ्यात कोणाचा तरी फुगा उडत आला आणि समृद्धी त्याच्यामागे फळीवरून खाली चिखलात उतरली. आणि थांबली. फुगा गेला, तरी ती उभीच. गाणं तेच चालू होतं, उलट आणखी चढलं होतं.

त्याने तिला उचलून फळीवर ठेवलं. नाचायला लागली. हसत हसत त्याने तिला पुन्हा चिखलात ठेवलं, आणि ती थांबली. मग फळीवर, मग चिखलात. तिसऱ्या खेपेला त्याचं हसू मावळलं.

तो वाकला आणि फळीवर तळहात टेकवला. फळी थरथरत होती. बेसचा प्रत्येक ठोका लाकडातून त्याच्या मनगटापर्यंत येत होता. मग त्याने चिखलात हात घातला. चिखल गार होता, गप्प होता. पंधरा वर्षं शैलेश बॉक्स उचलत होता. स्टेज फार हादरायला लागला तर बेसखाली ओली पोती टाकायची, ती हादरा पिऊन घेतात, हे त्याने स्वतः कितीतरी नव्या पोरांना शिकवलं होतं. चुलत बहिणीच्या हळदीतला तो लाकडी स्टेज त्याला आठवला, आणि आयाबायांच्या टाळ्याही.

समृद्धी पुन्हा फळीवर चढून नाचू लागली होती. त्याला ते बघवेना.

कार्यक्रम संपून पुढचा वाद्यवृंद चढेपर्यंत दहा मिनिटं मिळाली. लेकीला तिथल्याच फळीवर, इंद्रजीतच्या माणसाजवळ उभं करून शैलेश मिक्सरच्या तंबूत गेला.

"बेस बंद कर," तो इंद्रजीतला म्हणाला. "सगले. नुसते टॉप दे. फुल."

"वेडा आहेस का? लोक शिव्या घालतील मला."

"एकच मिनिट. माइक दे."

इंद्रजीतने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग तंबूच्या फटीतून फळीवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं. त्याने एकेक बटण खाली घेतलं, एक वर नेलं आणि माइक शैलेशच्या हातात दिला.

"समू," शैलेश म्हणाला.

आवाज एवढा मोठा आला की पुढच्या लोकांनी कान झाकले आणि बांधावरचे बगळे उडाले.

"समू! समृद्धी! बाबा हितं हाय बग! ए समू!"

अख्खं शेत वळलं. खाण्याच्या गाड्यांवरची माणसं वळली, दूरच्या स्टेजवरची वळली, गेटवरचे सुरक्षारक्षक वळले, मघाचा कुत्रा कान टवकारून उभा राहिला. फळीवर समृद्धी आपल्या अंगठ्याला चिकटलेला चिखल बोटाने खरवडत होती. एवढ्या मोठ्या मैदानात आपल्या नावाची हाक न ऐकलेली ती एकटीच होती.

त्याने आणखी एकदा हाक मारली. ती परीक्षा नव्हती. त्याला तिला हाक मारावीशी वाटली, म्हणून. मग माइक टेबलावर ठेवून तो बाहेर आला.

फळीजवळ एक बाई घाईघाईने पोचली होती. तिच्या कडेवरच्या मुलाच्या कानांवर ते गुलाबी हेडफोन होते. "ही समृद्धी का? तुमची मुलगी हरवली होती ना? आत्ताच पुकारलं. बरं झालं बाई, सापडली."

"हरवली नव्हती," शैलेश म्हणाला. "हितंच होती. तिला आयकू येत नाय."

आठ महिन्यांत हे वाक्य त्याने एकदाही उच्चारलं नव्हतं. ते निघालं तेव्हा त्यालाच नवल वाटलं, किती लहान होतं ते. बाई गोंधळली, "अगंबाई, सॉरी हं," म्हणाली आणि आपल्या मुलाचे हेडफोन उगाच नीट करत निघून गेली.

तो खाली वाकला तोच मागून चिखलात पाय उपसल्याचा आवाज आला. भावना होती. बाबागाडी गेटवरच टाकून, साडी खोचून, अनवाणी ती एवढं शेत तुडवत आली होती. गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. तिने समृद्धीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सोमवारी जाऊ," शैलेश म्हणाला. "मी सही करतो."

"मी हाक आयकली," ती म्हणाली.

"तू बरोबर होतीस."

भावनाने मान हलवली, पण ते हो नव्हतं.

"मी गेटवर देवाला सांगत होते," ती म्हणाली, "की आज तरी तुमाला जिंकू दे."

आणि ती रडायला लागली. गेले आठ महिने शांत, समजूतदार राहिलेली, सगळ्यांना डॉक्टरांचं म्हणणं नीट समजावून सांगणारी ती भावना त्या भर गर्दीत फळीवर बसली आणि मोठमोठ्याने, गळा फाडून रडली. शैलेश तिच्याजवळ बसला. पोर दचकेल म्हणून हुंदका आवरायचं कोणालाच कारण नव्हतं. समृद्धी दोघांकडे पाठ करून, ओंजळ भरभरून चिखल काढत होती आणि फळीच्या कडेला एकाशेजारी एक थापत होती.