डावं चाक

सोमवारी दुधनीचा माणूस येऊन गाडी विकत घेऊन जाणार होता. आज शनिवार. असल्या नाठाळ गाडीचं तोंडसुद्धा पुन्हा बघायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

गाडीचा दोष एकच. वेगात असताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात हिवताप भरल्यासारखं थडथडायचं. मी कुंभारीहून सोलापूरच्या दवाखान्यांत पेशंटची ने-आण करतो. आजारी माणसाला आधीच जिवाची धास्ती, त्यात गाडी अशी हलली की तो दाराची मूठ धरून देवाचं नाव घ्यायचा. हळूहळू लोक दुसऱ्या गाडीवाल्याला फोन करू लागले. वर्षात दोन गॅरेजं झाली, दोनदा ब्रेकच्या डिस्क बदलल्या. दोन्ही वेळा महिना-दीड महिना गाडी गुणाची, मग पहिले पाढे पंचावन्न. दोन्ही मेस्त्रींशी मी कडाकडा भांडलो. राग माझ्या नाकावरच असतो.

आई मात्र गाडी विकायला तयार नव्हती. तिचा, केराबाईचा, सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला आणि ही गाडी यावी म्हणून तिनं तीच मेंढरं विकली होती.

"थरथरतीया म्हंजी दमलीया रं ती," ती सकाळी म्हणाली. "जरा दमानं घे की तिला."

"आई, ती मेंढी न्हाय!" मी खेकसलो. ती पदर सावरत आत गेली.

तिचा तो उतरलेला चेहरा दिवसभर डोळ्यांपुढून हलेना. सोलापुरात नवी पेठेत एका पेशंटला सोडलं, तो उतरता उतरता म्हणाला, "इकायच्या आदी राजेसाबचाचांना तरी दाखव." म्हटलं, बघू. एवढं भांडलो, अजून एकाशी भांडू.

राजेसाबचाचांचं गॅरेज म्हणजे लिंबाखाली पत्र्याची शेड. माणूस सत्तरीचा, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. माझी कर्मकहाणी त्यांनी ऐकलीच नाही. "चावी दे," म्हणाले आणि मला शेजारी बसवून अक्कलकोट रोडला गाडी घातली. स्टेअरिंग नुसतं दोन बोटांनी धरलेलं. एकदाच ब्रेक दाबला.

"शीट हलत न्हाय, स्टेअरिंग हलतंय. मंजे म्होरलं चाक. आन् डावं."

"डावं कशावरनं?"

"हात सांगतो की."

शेडमध्ये आल्यावर त्यांनी चाक काढलं. आतली डिस्क आरशासारखी गुळगुळीत. चाचांनी तिच्यावर अंगठ्याचं नख टेकवलं, डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं ती सावकाश फिरवू लागले. एक फेरा, दोन, तीन. मग डोळे न उघडताच खडूनं एके जागी रेघ मारली. "हितं."

मी मनात हसलो. म्हटलं, म्हातारा नाटकी आहे.

त्यांनी पत्र्याच्या डब्यातून घड्याळासारखं माप काढलं, त्याचं टोक डिस्कला टेकवलं आणि म्हणाले, "आता तूच फिरव." मी फिरवली. काटा गप्प, गप्प, गप्प, आणि खडूची रेघ आली तशी टुणकन उडाला. मी पुन्हा फिरवली. पुन्हा तिथंच. माझ्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा.

"किती वाकडी हाय, चाचा?"

"दोन केसांएवडी."

दोन केस! तेवढ्यासाठी अख्खी गाडी हलत होती, आणि गाडीपायी माझं घर.

"म्हंजे मालच खोटा दिला की दोन्ही वेळा," मी उसळलो. चाचांनी काढलेलं चाक उन्हात उलटं केलं. आतून पांढरे ओघळ सुकलेले होते. नखानं खरवडून त्यांनी कण जिभेवर ठेवला.

"बोअरचं पाणी. लई खारं. उजव्या चाकाला न्हाय हे. गाडी घरी आली की लगीच ह्या चाकावर पाणी कोण वततंय? ब्रेकनं डिस्क तापल्याली असती. तापल्या तव्यावर गार पाणी मारल्यावर तवा वाकडा व्हतो, बेटा."

"कोण न्हाय. गाडी मी रविवारी धुतो."

"हे धुनं न्हाय. धुतलं असतं तर चारी चाकं धुतली असती. एकाच चाकाला, रोज, तांब्याभर. हे कुनीतरी मायेनं वततंय."

गाडी लावतो तेव्हा डावं चाक आमच्या दाराकडं येतं. रोज संध्याकाळी दार आपटून मी तरातरा आत जायचो आणि पाठीमागं पाणी ओतल्याचा आवाज यायचा. आई तुळशीला घालत असेल, असं मला वाटायचं. बाहेरून दमून आलेल्याच्या पायावर पाणी घातल्याशिवाय आमच्यात उंबरा ओलांडू देत नाहीत. हे मला कधीच आठवलं नव्हतं, आणि या माणसानं माझं घर न बघता ते चाकावर वाचलं.

चाचांनी दोन्ही पुढच्या डिस्क लेथवर घासून सारख्या करून आणल्या, डिस्क बसायची जागा गंज घासून लख्ख केली आणि नट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले. परत रोडला गेलो. त्यांनी पाण्याची बाटली पुढच्या काचेला टेकून उभी केली. ऐंशीवर गाडी नेऊन मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, बाटली जिथल्या तिथं उभी. दुधनीच्या माणसाला तिथूनच फोन केला, गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं.

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. आई तांब्या घेऊन दारात उभीच. "आई, थांब" जिभेवर आलं होतं. पण तुझ्याच पाण्यानं गाडी बिघडली, हे कळलं असतं तर तिला जन्मभर लागून राहिलं असतं. मी चपला काढल्या आणि चाकाला आडवा उभा राहिलो.

"आई, आज माज्या पायावर वत."

ती बघतच राहिली. मग वाकता येईना तरी वाकली आणि सगळा तांब्या माझ्या पायांवर रिता केला. गार पाण्यानं पोटऱ्यांपर्यंत बरं वाटलं.

"रोज तुज्यासाटीच घिऊन उबी ऱ्हाते की," ती म्हणाली. "तू थांबतच न्हाईस. मग भरल्याला तांब्या माघारी कसा न्यायचा, म्हनून तिच्या पायावर घालीत हुते."