गणपतच्या खिशातली साखर

मी गणपत परबची पितळी डबी बोलतेय. मला फार वेळ गप्प राहवत नाही, तेव्हा ऐकाच.

तांबाकाट्याच्या भांडीबाजारातल्या एका दुकानात मी घडले. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. गणपतला परळच्या गिरणीत माग मिळाला त्या दिवशी त्याने मला घेतलं. काय रुबाब होता माझा! चिमूटभर तंबाखूसाठी अख्खं खातं माझ्याकडे डोळे लावून असायचं.

मग गणपतला काहीतरी व्हायला लागलं. मागावर उभ्या उभ्या दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे, विचारावं एक तर सांगायचा भलतंच. लोक म्हणाले, प्यायलाय. अहो, त्याने कधी दारूला हात लावला नाही, चोवीस तास खिशात असणाऱ्या मला विचारा! जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणाला, "पुन्हा असं झालं तर मागावर उभा नाही करणार. हात गमावशील एक दिवस."

बायको मालन घाबरली. "ह्यांना बाहेरचं वारं लागलंय," म्हणत त्याला लालबागच्या एका भगताकडे घेऊन गेली. भगताने सोमवारचा निर्जळी उपास सांगितला, संध्याकाळी प्रसाद. उपासाच्या दिवशी झटका हमखास यायचा, आणि प्रसादाची साखर तोंडात पडली की दहा मिनिटांत गडी ठणठणीत! मालनचा विश्वास एवढा वाढला की तिने गुरुवारही धरायला लावला. झटके दुप्पट झाले.

वर माझी तंबाखू चुलीत घातली, मला राखेने घासलं आणि दोन्ही बाजूंनी प्रसादाची साखर भरली. शी! मुंग्या लागल्या हो मला.

अशाच एका गुरुवारी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. गणपत बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" इथवर आला आणि मटकन खाली बसला. शेजारी चाळीतला रामदास होता, परळच्या इस्पितळात मलमपट्टी करणारा ड्रेसर. त्याने मला उघडून साखर भरवली. थोड्या वेळाने गणपत उठला आणि हात वर करून ओरडला, "झालाच पाहिजे!" मोर्चा तोवर कोपऱ्यापलीकडे गेला होता.

रामदास घरी येऊन म्हणाला, "वहिनी, हे कसलं भूत? उपाशीपोटी येतं नि साखर खाल्ली की जातं? उद्या इस्पितळात चला."

तिथे गणपतला मुद्दाम उपाशी ठेवून रक्त तपासलं. साखर तळाला गेलेली. सर्जन म्हणाले, "स्वादुपिंडात गाठ असणार. तिच्यातून इन्शुलिन सुटतंय, ते साखर फस्त करतंय. गाठ काढावी लागेल."

ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर, मालनच्या मुठीत होते. तिच्या घामाने मी भिजले. खरं सांगते, मलाही भीती वाटत होती.

सर्जन बाहेर आले. "मूळ गाठ निघाली. पण रोग यकृतापर्यंत पसरला होता. तिथल्या मोठ्या गाठी काढल्या, बारीक राहिल्यात."

"सगळं निघणार नव्हतं, तर एवढं फाडलंत कशाला, साहेब?"

"बाई, एका नळावर दहा बिऱ्हाडं असली तर पाणी पुरतं का? आठ उठून गेली तर दोघांना पुरतं. तसंच हे, साखर खाणाऱ्या गाठी कमी झाल्या की उरलेली साखर पुरते. रोग गेला असं खोटं सांगणार नाही. पण झटके आवरतील, तो कामावर जाईल. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही."

मालन पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि उपास?"

"एकही नाही!"

गणपत मागावर परतला. वर्षभर माझं झाकण उघडलं नाही, साखरेचा दगड झाला. महाराष्ट्र झाला त्या एक मेला त्याने मला उंबऱ्यावर आपटलं आणि ती साखर चाळभर वाटली. "घे रामदास, तेव्हा तू भरवलीस, आज मी."

गणपत जिना उतरायच्या आत मालन मला पुन्हा भरून घेऊन धावली.

"एका बाजूला तरी तंबाखू?" त्याने विचारलं.

"खबरदार!"

तेव्हा बाबांनो, कुणी घामाघूम होऊन भलतंसलतं बरळत असेल, तर प्यायलाय म्हणून पुढे जाऊ नका. आधी विचारा, जेवलाय का.

त्या उरलेल्या गाठींची धास्ती मला आहेच. म्हणून गिरणीची पाळी सुटली की मी रोज आधी माझ्यातली साखर चाचपते. सगळी जागेवर असली की समजते, आजचा दिवस गणपतचा.