मांडीतला बॉम्बचा तुकडा

घरच्याच उंबऱ्याला अडखळून मनगट मोडलं, हे काही फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदाराला शोभणारं नव्हतं. सांगलीच्या डॉक्टरांनी हाडांची घनता मोजली, ती कागदावर बरी निघाली. तरी त्यांचं समाधान होईना. म्हणाले, "हाडाच्या आतली जाळी कशी आहे, ते एमआरआयमध्ये बघू आणि औषध ठरवू. पुढच्या वेळी खुबा मोडला तर अंथरूण धराल."

मशीनच्या खोलीबाहेर भार्गवी नावाची मुलगी माझा अर्ज भरून घेत होती. "अंगात कुठं काही धातू?"

मी तोंड उघडायच्या आत राहीबाई, म्हणजे आमची मंडळी, ताठ होऊन म्हणाली, "हाय की! मांडीत बॉम्बचा तुकडा हाय. सीमेवरचा."

भार्गवीनं पेन खाली ठेवलं. "मग असं आत नाही सोडता येणार, आजोबा. आतलं चुंबक तुकडा ओढेल. आधी एक्सरे काढून तो कुठं आहे ते बघू."

एक्सरेत काय दिसणार, हे जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं. पठाणकोटला मेसच्या ट्रकवरून कांद्याच्या पोत्यासकट खाली आलो, तेव्हापासून मी लंगडतो. निवृत्त होऊन पलूसच्या स्टँडवर उतरलो, तर कुणीतरी विचारलं, "गोळी लागली व्हय रं?" मी नुसता हसलो. त्या हसण्याचा गावानं बॉम्ब केला आणि मी बावीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला शाळेत पहिल्या खुर्चीत बसलो.

"तुकडा नाही," मी म्हणालो. "कांदे होते."

"म्हंजी?" राहीबाईनं विचारलं.

सगळं सांगावं लागलं. तिनं माझं घड्याळ तेवढं काढून घेतलं आणि बाकावर जाऊन बसली.

आत नळीत अर्धा तास निपचित पडलो. यंत्र धडाधड बडवत होतं. इतका गोळीबार मी पलटणीतही ऐकला नव्हता. तिथं मी शिधा ठेवायच्या कोठीवर होतो.

चार दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. हाड वरून ठीक, आतून विरलेलं.

"ओझं उचललं की हाड पक्कं राहतं," ते म्हणाले. "तुम्ही काही उचलता का?"

"पायात बॉम्ब म्हणून मीच कायबी उचलू दिलं न्हाई," राहीबाई म्हणाली. "वैरणीचा भारा, खताची पोती, पाण्याच्या घागरी. बावीस वर्सं मीच उचललं."

गावाला फसवल्याची लाज मी केव्हाच पचवली होती. ही पचेना. मी कसाबसा म्हणालो, "डॉक्टर, हिचीही हाडं बघा."

"मला काय धाड भरलीय?" ती उठली आणि औषधांची, भाजीची पिशवी माझ्या धडक्या हातात दिली. "धरा."

स्टँडपर्यंत ती पुढं, मी लंगडत मागं. मोकळ्या हातांचं काय करावं, ते तिला उमजत नव्हतं.