पाच खिळे आणि एक तार

मी एक जुना टेलिफोन बोर्ड आहे. अंगावर दहा भोके, पोटात वायरींचे गुंतवळ आणि शेजारी भिंतीवर पाच खिळे. मित्रांनो, भोकांकडे सगळेच बघतात. खिळ्यांची चौकशी कोणी करत नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला, पण शहाणपण आले ते केनवडला, १९७२ साली, पोस्टाच्या खोलीत. गावाबाहेर जाणारी तार एकच, रिसोडची. ऑपरेटरही एकच, देवमन. कामे मात्र गावभराची.

फोन लावायला आलेल्याचे काम कुठेतरी अडायचेच. पलीकडचा माणूस कधी वावरात असे, कधी अंघोळीला. मग देवमन काम कुठवर आले ते चिठ्ठीवर लिही, चिठ्ठी खिळ्याला अडकवी आणि दुसऱ्याचे काम हाती घेई. निरोपाची घंटी आली की चिठ्ठी काढून जिथे सोडले तिथून पुढे.

अट एकच. ज्याचे अडले त्याने आपण होऊन ‘सोडतो’ म्हणायचे. देवमन कोणाची वायर मध्येच उपटत नसे. एकदाच उपटली होती. तेव्हा ‘मुलगी पसंत नाही’ एवढे पलीकडे पोचले आणि ‘असं कोण म्हणते?’ हे इकडेच राहिले. लग्न वर्षभर लांबले.

एका जून महिन्यात पुंजाजीभाऊंनी अकोल्याला फोन लावला. मुलाचा बी.ए.चा निकाल होता. वसतिगृहाचा पहारेकरी ‘बोलावतो’ म्हणून गेला तो गेलाच. पुंजाजीभाऊ फोन कानाला लावून बसले. माझ्या पोटातून पंधरा मिनिटे नुसते मौन वाहत होते.

“भाऊ, ठेवा ना फोन,” देवमन म्हणाला. “पोरगा आला का तेच घंटी देतीन.”

“अन् माहा नंबर गेला तं? काहून ठेवू?”

एवढ्यात गोजराबाई धापा टाकत आल्या. त्यांच्या नवऱ्याला, इंद्रभानला, धसकटे वेचताना साप चावला होता.

“देवमन, दवाखान्याची जीप बलाव बाप्पा! पाय सुजून राह्यला त्याहिचा!”

देवमनचा हात वायरीकडे गेला. या वेळी त्याने ती उपटली असती तर मीही तक्रार केली नसती. पण त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘पुंजाजी, अकोला. पोराला बोलावले आहे. इथून पुढे.’ चिठ्ठी पहिल्या खिळ्याला लावली.

“पाहा भाऊ. तुमचा नंबर खिळ्यावर हाय, फोनात नाई.”

पुंजाजीभाऊंनी चिठ्ठी वाचली, गोजराबाईंकडे पाहिले. “सोडतो,” ते म्हणाले.

दवाखाना लागला. जीप दुसऱ्या गावी गेली होती. “आली की पाठवतो आन् कळवतो,” पलीकडून सांगितले. देवमनने दुसरी चिठ्ठी लावली. पण गोजराबाई फोन सोडेनात.

“मी धरूनच बसतो. कळवतीन तवा कळवतीन.”

“ठेव वो बाई,” हे चक्क पुंजाजीभाऊ म्हणाले. “आपून धरून बसलो तं त्याहिची घंटी येईन कुठून?”

गोजराबाईंनी फोन ठेवला. तीन माणसे आणि मी, घंटीकडे बघत राहिलो.

घंटी वाजली. ती अकोल्याची निघाली. पुंजाजीभाऊंनी फोन उचलला. “पास? सेकंड क्लास? बरं झालं बाबू. सोडतो.” वर्षभर जपलेला आनंद त्यांनी एका दमात उरकला आणि फोन खाली ठेवला.

तो ठेवला आणि लगेच दुसरी घंटी झाली. जीप निघाली होती.

इंद्रभान वाचला. देवमन पुढे बदलीवर वाशीमला गेला आणि माझ्या जागी आपोआप चालणारे यंत्र आले. मी त्याच खोलीत कोपऱ्यात आहे, तक्रार नाही. मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका, पण ते खिळे उपटू नका. आणि वाट पाहायचीच असेल तर खुशाल पाहा; फक्त फोन खाली ठेवून. तुमची घंटी तशीच येते.